गतिशिल्प, चलशिल्प आणि पाळण्यावरचं चिमणाळं

नौपाड्यात आमच्या शेजारी राहणारी मुलगी चित्रकलेचं शिकतेय. प्रदर्शनासाठी ती अलेक्झांडर कॉल्डर या अमेरिकन शिल्पकारावर मराठीत फलक लिहितेय. परवा जिन्यातच तिने गाठलं : "काका, कायनेटिक स्कल्प्टरला, म्हणजे हलणारी शिल्पं घडवणाऱ्याला, काय लिहू? गतीशिल्पकार की चलशिल्पकार? मैत्रीण म्हणते, गतिमान शिल्पकार."

मैत्रिणीचा शब्द आधी खोड. त्यात शिल्प राहतं जागेवर आणि शिल्पकारच ८.१२ची लोकल पकडायला धावतो. 'गतीशिल्प' लिहायचंच तर समासात 'ति' ऱ्हस्व : गतिशिल्प. पण बोलताना आपण गती म्हणजे वेगच धरतो, आणि कॉल्डरची पत्र्याची पानं वाऱ्यावर सावकाश फिरतात.

चलशिल्पातही एक मेख आहे. देवळातली चल मूर्ती म्हणजे हलणारी नव्हे, हलवता येणारी, पालखीत बसणारी. गाभाऱ्यातली ती अचल. तरी 'चलचित्र'मुळे चल म्हणजे आपणहून हलणारं, हेही कानाला सवयीचं झालंय. शिवाय जोडी जमते. १९३१ मध्ये फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशांने कॉल्डरच्या हलत्या कामांना 'मोबिल' नाव दिलं, पुढच्या वर्षी शिल्पकार ज्याँ आर्पने न हलणाऱ्यांना 'स्टॅबिल'. आपलं चलशिल्प आणि अचलशिल्प. माझं मत चलशिल्पकारालाच. (फ्रेंच 'मोबिल'चा दुसरा अर्थ हेतू. तो श्लेष मराठीत उतरत नाही, नाद सोड. 'मोबाईल' मात्र लिहू नकोस, लोक फोन शोधत बसतील.)

क्रियापदं जपून वापर. सगळीकडे 'हलतं' नको. त्याची सुरुवातीची काही कामं मोटारीवर चालायची, ती 'फिरतात'. पुढे त्याने मोटार सोडून कामं हवेवर सोपवली, ती 'झुलतात', 'डोलतात'. माणूस १९१९ चा मेकॅनिकल इंजिनियर. तारेच्या दांडीला एकीकडे मोठं पान, दुसरीकडे आणखी एक दांडी, तिला लहान पानं, असा तोल तो साधायचा.

आणि याला आपल्याकडे घरगुती शब्द आहेच की : चिमणाळं. तुझ्या पाळण्यावर होतं. लाकडी चक्राला दोऱ्यांनी टांगलेले राघू, पंख्याच्या वाऱ्यावर गिरक्या घेणारे. एकाचा दोरा तुटला तेव्हा सगळं चक्र एका अंगाला कललं. तुझ्या आजीने त्या जागी कोटाचं मोठं बटण बांधलं, हातावर धरून पाहिलं, मग आणखी एक छोटं बांधलं. माळ्यावर असेल तर काढ आणि फलकाशेजारी टांग.