वाचकांचे प्रश्न : पानातला तुकडा स्वतःच्या पायावर कसा उभा करावा?

(या वेळचे सर्व प्रश्न एएसपी डॉट नेट कोअर एमव्हीसी या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कवर आलेले आहेत. कोडमधली नावं इथे देवनागरीत छापली आहेत, प्रत्यक्ष लिहिताना ती रोमन लिपीत लिहावीत.)

प्रश्न : कॉलेजच्या संकेतस्थळावर प्रत्येक पानाच्या उजवीकडे 'ताज्या सूचना' ही चौकट हवी आहे. ती आम्ही पार्शल व्ह्यू (व्ह्यू म्हणजे पानाचा साचा, पार्शल म्हणजे त्याचा तुकडा) म्हणून वेगळी काढली. आता काही पानं उघडताना मॉडेलचा (साच्याला दिलेल्या डेटाचा) प्रकार जुळत नाही अशी एरर येते. मग सूचना व्ह्यूबॅगमधून (व्ह्यूकडे सुटी मूल्यं नेणाऱ्या पिशवीतून) दिल्या, तर काही पानांवर चौकट रिकामीच दिसते. चुकतंय कुठे? – एक वाचक, नाशिक

पार्शलला स्वतःचा डेटा आणता येत नाही. तुम्ही वेगळं मॉडेल दिलं नाहीत, तर पानाचं मॉडेल जसंच्या तसं त्याच्या हाती पडतं. प्रवेशाच्या पानाचं मॉडेल प्रवेशाचं, चौकटीला हवी सूचनांची यादी; म्हणून एरर. व्ह्यूबॅगने एरर जाते, पण प्रत्येक ॲक्शनने (पानाची मागणी हाताळणाऱ्या कंट्रोलरमधल्या मेथडने) आठवणीने सूचना भरायला हव्यात. ज्या ॲक्शनमध्ये ते राहून गेलं, तिथे चौकट रिकामी.

म्हणून तुकडा वेगळा काढण्याआधी एकच विचारावं : याचा डेटा कोण आणणार? पानाकडे तो आधीच असेल (यादीतल्या एका विद्यार्थ्याचं कार्ड, पत्त्याच्या चार ओळी), तर पार्शल पुरे. ज्या डेटाशी पानाला काही देणंघेणं नाही, तो तुकड्यालाच आणायचा असेल तर व्ह्यू कंपोनंट करावा. तुमची चौकट या दुसऱ्या प्रकारातली आहे.

एक क्लास लिहा : नोटिसेसव्ह्यूकंपोनंट. तो पब्लिक हवा, दुसऱ्या क्लासच्या पोटात नको आणि ॲब्स्ट्रॅक्ट नको. व्ह्यूकंपोनंट या मूळ क्लासवरून तो घ्या, सूचना आणणारी सर्व्हिस कन्स्ट्रक्टरमध्ये मागा आणि इन्व्होकअसिंक ही एकच मेथड लिहा. तिला मॅक्सकाउंट, डिपार्टमेंटआयडी असे पॅरामीटर द्या. क्लास कोणत्याही फोल्डरमध्ये चालतो, व्ह्यूची जागा मात्र ठरलेली : व्ह्यूज, शेअर्ड, कंपोनंट्स, नोटिसेस, आणि आत डीफॉल्ट डॉट सीएसएचटीएमएल. इथे फोल्डरच्या नावात 'व्ह्यूकंपोनंट' हे शेपूट लावायचं नाही. ते लावलं की व्ह्यू सापडला नाही अशी एरर येते. सुरुवातीला बहुतेकांचं इथेच अडतं.

लेआउटमध्ये (सर्व पानांच्या सामायिक साच्यात) व्हीसी-कोलन-नोटिसेस हा टॅग ठेवा. टॅगमध्ये मॅक्सकाउंट हे मॅक्स-काउंट होतं, म्हणजे लहान अक्षरांत आणि मधे आडवी रेघ. टॅग लिहूनही पानावर काहीच दिसलं नाही, तर ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा. टॅग तिथे जसाच्या तसा दिसत असेल, तर व्ह्यूइम्पोर्ट्समध्ये (सर्व व्ह्यूंना लागू होणाऱ्या ओळींच्या फाइलमध्ये) ॲडटॅगहेल्परची ओळ राहिली आहे, किंवा तिच्यात असेंब्लीच्या नावाऐवजी नेमस्पेस लिहिली गेली आहे. एरर न येता हे घडतं, म्हणून वेळ फार खातं.

आणखी एक पथ्य. कंपोनंटच्या आत व्ह्यूबॅग किंवा राउटमधली (पानाच्या पत्त्यातून आलेली) मूल्यं वाचू नका. विभागाचा क्रमांक हवा असेल तर तो पॅरामीटर म्हणून मागा. चौकटीची रुंदी आणि बाहेरचा मार्जिनही पानाच्या सीएसएसवर सोडा. हे पाळलं तरच ती चौकट उद्या मुखपृष्ठावर मधोमधही बसेल.

जुन्या एमव्हीसीत हे काम रेंडरॲक्शन करायचं. ते पानाच्या पोटात अख्खी ॲक्शन पुन्हा चालवायचं, फिल्टरसकट. २०१६ साली आलेल्या कोअरमध्ये ते नाही, त्यामुळे जुन्या उत्तरांतला तो उपाय शोधत बसू नये.

प्रश्न : कंपोनंटच्या व्ह्यूमध्ये स्क्रिप्ट्स सेक्शन (लेआउटमधल्या ठरलेल्या जागी जाणारा भाग) लिहिला, पण स्क्रिप्ट पानात येतच नाही. – एक वाचक, पुणे

येणार नाही. लेआउटला फक्त मुख्य व्ह्यूचे सेक्शन मिळतात. पार्शल किंवा कंपोनंटमधले तिथवर पोहोचत नाहीत. स्क्रिप्टची वेगळी फाइल करा आणि ती लेआउटमध्ये डीफरसह एकदाच जोडा. कंपोनंटच्या सर्वांत बाहेरच्या डिव्हला डेटा-मॉड्यूल असं ॲट्रिब्यूट द्या, आणि स्क्रिप्टने तशा प्रत्येक डिव्हवर स्वतंत्रपणे काम करावं. आयडी वापरून शोधू नये : तोच तुकडा पानावर दोनदा आला की आयडीही दोनदा येतो आणि दुसऱ्या तुकड्यातली बटणं मुकी होतात.

प्रश्न : 'चौकशी करा' हा फॉर्म असाच तुकडा म्हणून प्रत्येक पानावर ठेवला आहे. चूक भरल्यावर रीडायरेक्ट होतं आणि चुकांचे संदेश नाहीसे होतात. शिवाय नोंदणीच्या पानावर भरलेला ईमेल चौकशीच्या फॉर्ममध्ये आपोआप दिसतो! – एक वाचक, मडगाव

दोन्हीमागे मॉडेलस्टेट (फॉर्ममधून आलेली मूल्यं आणि त्यांतल्या चुकांची नोंद) आहे. व्ह्यू कंपोनंटला मॉडेल बाइंडिंग (फॉर्ममधली मूल्यं मॉडेलमध्ये भरणं) नसतं, फॉर्म कंट्रोलरच्या ॲक्शनकडेच जातो. मॉडेलस्टेट त्या एका रिक्वेस्टपुरतं जगतं, रीडायरेक्ट म्हणजे नवी रिक्वेस्ट, त्यामुळे संदेश गेले. ॲक्शनने मूळ पान पुन्हा काढावं म्हटलं, तर ते कुठलं पान होतं हे तिला ठाऊक नसतं. म्हणून फॉर्म फेचने (जावास्क्रिप्टमधून, पान न बदलता) पाठवा आणि ॲक्शनमधून व्ह्यूकंपोनंट या मेथडने फक्त तो तुकडा परत द्या. मॉडेलस्टेट त्याच्यासोबत जातं. आलेलं एचटीएमएल जुन्या तुकड्याच्या जागी घाला. फॉर्मडेटा वापरलात तर अँटीफोर्जरी टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आल्याची खूण) आपोआप जातं. जेक्वेरीचं अनऑब्ट्रूझिव्ह व्हॅलिडेशन असेल, तर नव्या फॉर्मवर त्याचं पार्स पुन्हा चालवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या खेपेला ब्राउझरमधली तपासणी होत नाही.

ईमेल पाझरतो कारण दोन्ही फॉर्ममध्ये रकान्याचं नाव 'ईमेल' आहे. नोंदणीत चूक होऊन पान परत आलं, की एएसपी-फॉर (रकाना मॉडेलशी जोडणारं ॲट्रिब्यूट) आधी मॉडेलस्टेटमधलं त्या नावाचं मूल्य उचलतं. कंपोनंटच्या व्ह्यूमध्ये पहिल्याच ओळीला व्ह्यूडेटाच्या टेम्प्लेटइन्फोमधल्या एचटीएमएलफील्डप्रीफिक्सला 'एन्क्वायरी' द्या आणि ॲक्शनच्या पॅरामीटरचं नावही तेच ठेवा. असा फॉर्म करताना हा प्रीफिक्स पहिल्या दिवसापासूनच ठेवावा.

प्रश्न : एका पानावर सहा कंपोनंट झाले आणि पान मंदावलं. ते एकाच वेळी चालवता येतील का? – एक वाचक, कोल्हापूर

रेझर (व्ह्यूमधून एचटीएमएल बनवणारं इंजिन) ते एकामागून एक चालवतं, त्यामुळे प्रत्येकाचा वेळ बेरजेत येतो. एकाच वेळी चालवायला गेलात आणि सगळ्यांनी तोच डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) वापरला, तर पहिली क्वेरी संपायच्या आत दुसरी सुरू झाल्याची एरर येईल. तो एका वेळी एकाच कामासाठी असतो. त्यापेक्षा सूचनांसारखा सावकाश बदलणारा तुकडा कॅश टॅगमध्ये (तयार एचटीएमएल काही काळ साठवणाऱ्या टॅगमध्ये) गुंडाळा. मुदत दिली नाही तर तो आधीच ठरलेल्या मुदतीपर्यंत धरून ठेवतो. सूचनांना ५ मिनिटं ठीक. माणसागणिक वेगळं दिसणारं काही (नाव, थकलेली फी) आत असेल, तर व्हॅरी-बाय-यूझर लावल्याशिवाय कॅश करू नका. नाहीतर एकाची फी दुसऱ्याला दिसेल.

प्रश्न : हेच तुकडे तीन संकेतस्थळांवर वापरायचे आहेत. फाइली कॉपी कराव्यात का? – एक वाचक, सोलापूर

कॉपी नको. रेझर क्लास लायब्ररी करा आणि तिन्हींत ती जोडा. सीएसएस आणि स्क्रिप्ट लायब्ररीच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूटमध्ये ठेवा; पानातून त्यांचा पत्ता अंडरस्कोअर-कंटेंट, मग लायब्ररीचं नाव, मग फाइल असा असतो. एखाद्या संकेतस्थळाला सूचनांची मांडणी वेगळी हवी असेल, तर त्या प्रकल्पात त्याच मार्गावर, त्याच नावाची डीफॉल्ट फाइल ठेवावी. लायब्ररीतल्या व्ह्यूऐवजी प्रकल्पातला घेतला जातो, क्लास मात्र लायब्ररीतलाच चालतो.