पांढरा बॅकग्राउंड फोटोत करडा का येतो? दोनच लाईट आहेत, काय करू?

पडद्यात काही खोट नाहीये, लाईट तिथपर्यंत पोचतच नाहीये. समजा लाईटपासून माणूस ४ फुटांवर आणि पडदा ८ फुटांवर, तर पडद्यावर प्रकाश चौथाईच पडतो, म्हणजे २ स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), मग तो करडाच दिसणार ना.

दोन लाईट आहेत तर एक फक्त पडद्याला द्या. माणसाला पडद्यापासून ६-७ फूट पुढे आणा, पडद्याचा लाईट त्याच्या पाठीमागे खाली लपवून पडद्याकडे तोंड करून ठेवा. लाईट मीटरवर (प्रकाश मोजायचं यंत्र) चेहऱ्यावर एफ ८ येत असेल तर पडद्यावर एफ ११, म्हणजे एक स्टॉप जास्त, बास. मी सुरुवातीला हौसेने फुल पॉवर मारायचो आणि कानाच्या कडा, सुटे केस सगळे पांढऱ्यात विरघळून जायचे, अख्खा फोटो धुरकट, आणि मी उगाच लेन्स पुसत बसायचो!

मीटर नसेल तर कॅमेऱ्यात हायलाईट अलर्ट (फोटोत पूर्ण पांढरा झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो) चालू करा, पडदा लुकलुकला पाहिजे पण गाल आणि खांदे नाही. कोपरे थोडे करडे राहिले तर राहू द्या, ते एडिटिंगमध्ये दोन मिनिटांत जातात, पांढऱ्यात विरघळलेले केस मात्र परत येत नाहीत.