चेन घेण्याआधी पिच मोजा

चेनसॉची (लाकूड कापायच्या यंत्राची) नवी चेन घेताना नुसती बारची, म्हणजे चेन ज्या पट्टीभोवती फिरते तिची, लांबी सांगू नका, बहुतेक नवखे तिथेच फसतात. आधी पिच, म्हणजे चेनच्या रिव्हेटमधलं सरासरी अंतर, बघा. इंजिन बंद करा, हातमोजे घाला. चेन ताणून ओळीने तीन रिव्हेट धरा. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून निम्मं करा, तेच पिच. निम्मं करण्याआधीचं अंतर १९ मिमी भरलं तर पिच ३/८ इंच, १६.५ मिमी भरलं तर ०.३२५ इंच. नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही, पट्टी लावाच.

मग एवढं जुळवा:
- बारच्या बुडाशी कोरलेले पिच, गेज (ड्राइव्ह लिंकची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकच्या (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांच्या) संख्येचे आकडे. भुसा आणि तेल पुसलंत की दिसतील.
- स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि बारच्या टोकाचं चाक, दोन्ही त्याच पिचची.

स्प्रॉकेटवर खोल चरे पडले असतील तर तेही बदला; झिजलेलं स्प्रॉकेट नवी चेन लवकर खातं.