अमेरिकेत माजी सैनिकाच्या अंत्यविधीला सलामी द्यायला अनोळखी माणसं का येतात?

मी मिनेसोटात राहते, सतरा वर्षं झाली. तुम्ही विचारलंय की ही माणसं कोण, त्यांना पैसे मिळतात का, आपल्याकडे असं काही असतं का, आणि मिनिआपोलिसला शिकणाऱ्या तुमच्या मुलाला हे बघायला जाता येईल का. मुलाचं शेवटी सांगते. आधी एका मंगळवारची गोष्ट, कारण मला स्वतःला हे सगळं त्याच दिवशी कळलं.

आमच्या शेजारचे आजोबा जानेवारीत गेले. वय शहाऐंशी. तरुणपणी सक्तीच्या भरतीत दोन वर्षं सैन्यात होते, तेही जर्मनीत, भटारखान्यात. लढाई म्हणून पाहिली नाही. "मी देशासाठी बटाटे सोलले" असं स्वतःच हसत सांगायचे. आमच्या दारातला बर्फ ते त्यांच्या यंत्राने काढून द्यायचे आणि मी त्यांना थालीपीठ नेऊन द्यायचे, तिखट अगदी बेताचं. सैनिक म्हणून मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

आजींचा फोन आला, "मंगळवारी फोर्ट स्नेलिंगला ये." ही इथली राष्ट्रीय दफनभूमी, विमानतळाला अगदी खेटून. १९३९ साली सुरू झाली, आज तिथे दोन लाखांवर माणसं विसावली आहेत. पांढऱ्या संगमरवरी शिळांच्या रांगा कुठूनही बघा, तिरप्यासुद्धा सरळच दिसतात. त्या दिवशी उणे वीस सेल्सिअस होतं. घरची माणसं मोजून बारा. विधी खड्ड्यापाशी होत नाही. चारी बाजूंनी उघडा, नुसता वर छप्पर असलेला एक मांडव असतो, तिथे वीसेक मिनिटं मिळतात. प्रत्यक्ष दफन नंतर कर्मचारी करतात, कारण मागे पुढचं कुटुंब गाड्यांमध्ये थांबलेलं असतं.

मांडवापासून थोडं दूर बर्फात म्हाताऱ्यांची एक रांग उभी होती. कोणी सत्तरीचा, कोणी त्याच्याही पुढचा. जाड जाकिटं, हातात लांब जुन्या रायफली. मला वाटलं, आजोबांचे सैन्यातले दोस्त असतील. हुकूम झाला, तीन फैरी झडल्या, मग ब्यूगल. शवपेटीवर ताणून धरलेला झेंडा दोन तरुण सैनिकांनी घडी करत करत तिकोनी केला. लाल पट्टे सगळे आत, बाहेर नुसता निळा रंग आणि चांदण्या. त्यातली मुलगी आजींसमोर गुडघ्यावर बसली, राष्ट्राध्यक्षांच्या, सैन्यदलाच्या आणि कृतज्ञ देशाच्या वतीने हा ध्वज स्वीकारा, अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य बोलली आणि झेंडा त्यांच्या हातात दिला. आजोबांची मुलगी फैरींच्या वेळी कानांवर हात ठेवून उभी होती. तिला बंदुका आवडत नव्हत्या, अजूनही आवडत नाहीत. पण वडिलांनी लिहून ठेवलं होतं, म्हणून ती गप्प राहिली.

निघताना रांगेतल्या एका आजोबांना मी विचारलं, "तुमची त्यांची कुठली ओळख?"

ते म्हणाले, "ओळख नव्हती. आज मंगळवार आहे ना."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. ही फोर्ट स्नेलिंगची मेमोरियल रायफल स्क्वॉड. सोमवार ते शुक्रवार, प्रत्येक वाराची तुकडी वेगळी, आणि ते मंगळवारवाले. मंगळवारी जितके माजी सैनिक पुरले जातील तितक्यांसाठी ते उभे राहणार. एका दिवसात पाच असोत की दहा. मेलेला जनरल होता की भटारी, हे त्यांच्या कागदावर असेलही, पण त्याने फैरींची संख्या बदलत नाही. पैसे मिळत नाहीत. सगळे स्वतः माजी सैनिक. १९७९ साली जॉर्ज वाइस नावाच्या एका माजी मरीनच्या (समुद्रमार्गे उतरून लढणाऱ्या अमेरिकन दलातल्या सैनिकाच्या) पुढाकाराने हे सुरू झालं. दोस्तांच्या दफनाला साधी सलामीही होत नाही हे त्यांना सहन झालं नाही, म्हणून काही जण गोळा केले. पुढे सत्तर हजारांहून जास्त अंत्यविधींना या तुकड्यांनी फैरी झाडल्या.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा लष्कराचा पसारा असलेल्या देशाला हे काम म्हाताऱ्यांवर का सोडावं लागतं? कारण सरळ हिशेबाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात एक कोटी साठ लाखांवर अमेरिकन गणवेशात होते. ही पिढी १९९०च्या दशकात एकदम म्हातारी झाली आणि त्याच काळात सैन्यदलं मात्र आक्रसत होती. सलामीला माणसं पुरेनात. शेवटी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला आणि १ जानेवारी २००० पासून किमान एवढं तरी सक्तीचं झालं: कुटुंबाने मागणी केली तर गणवेशातले निदान दोन जण यायचे, त्यातला एक मृताच्या स्वतःच्या दलाचा. त्यांनी झेंड्याची घडी घालून द्यायची आणि 'टॅप्स' ही धून वाजवायची. झालं. फैरी या किमान हक्कात बसत नाहीत. आजोबांच्या वेळी सरकारने पाठवलेले ते दोघे कोवळे सैनिक होते. बाकी रांग सगळी स्वेच्छेची.

झेंडाही फुकट मिळतो, आणि तो मिळण्याची एक जागा म्हणजे पोस्ट ऑफिस. फॉर्म भरायचा, काउंटरवरून झेंडा घ्यायचा. पाच फूट रुंद, साडेनऊ फूट लांब. राष्ट्रीय दफनभूमीतली जागा, खोदाई, शिळा, पुढची देखभाल, सगळं विनामूल्य, आणि नवरा किंवा बायकोलाही तिथेच जागा. शिळेवर धर्मचिन्ह कोरून देतात, त्यांच्या यादीत ॐ सुद्धा आहे.

रायफलींबद्दल मी जरा जास्तच चौकशी केली, कारण आमच्या घरात फौजी होते. त्या बहुतेक एम-१ गारंड, दुसऱ्या महायुद्धातल्या. लष्कर त्या माजी सैनिकांच्या संघटनांना समारंभासाठी उसन्या देतं. खऱ्या गोळीच्या जोरावर ही रायफल पुढचं काडतूस आपोआप भरते. पण सलामीच्या काडतुसात शिसं नसतं, त्यामुळे तो जोर मिळत नाही आणि दर फैरीनंतर बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा दांडा, हाताने मागे ओढावा लागतो. उणे वीसमध्ये, संधिवात झालेल्या बोटांनी. तिन्ही वेळा सगळ्यांचा मिळून एकच आवाज यायला हवा. त्या दिवशी दुसऱ्या फैरीला एक बार मागे राहिला, तेव्हा रांगेतल्या एकाने मान न हलवता डोळे फिरवून शेजाऱ्याकडे असं बघितलं की मला आमच्या शाळेचे पीटीचे सर आठवले.

यूट्यूबवर लोक याला 'एकवीस तोफांची सलामी' म्हणतात, ते चूक. तोफांची सलामी वेगळी, ती राष्ट्रप्रमुखांसारख्यांना. ही तीन फैरींची रीत. सात जण असले की सात त्रिक एकवीस होतात, तिथून हा घोळ झाला असावा. रिवाजामागची कथा अशी सांगतात की पूर्वी रणांगणावर आपापले मृतदेह उचलायला लढाई थांबवत आणि काम उरकलं की तीन फैरी झाडून 'आम्ही पुन्हा तयार आहोत' असं कळवत.

'टॅप्स' ही धून फक्त चोवीस सुरांची. १८६२च्या उन्हाळ्यात, यादवी युद्धात, व्हर्जिनियातल्या छावणीत डॅनियल बटरफील्ड या जनरलने ती बसवून घेतली, मुळात रात्री दिवे मालवायचा इशारा म्हणून. आता गंमत बघा. कायद्याने ती वाजवणं सक्तीचं केलं, पण ब्यूगल वाजवणारे आणायचे कुठून? म्हणून २००३मध्ये पेंटॅगॉनने, म्हणजे इथल्या संरक्षण खात्याने, एक जुगाड मंजूर केलं: ब्यूगलच्या तोंडात बसणारं छोटं यंत्र. सैनिक बटण दाबतो, ब्यूगल ओठांना लावून उभा राहतो, आत रेकॉर्डिंग वाजतं. हे कळल्यावर मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. टॉम डे नावाच्या माजी मरीनलाही हे खटकत होतं. त्यांनी २००० सालीच 'ब्यूगल्स अक्रॉस अमेरिका' काढून देशभरातल्या वादकांची यादी जमवायला सुरुवात केली होती, निदान खरी फुंकर तरी मिळावी म्हणून.

अशा संस्था बऱ्याच आहेत, सगळ्या सांगत बसत नाही. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत काही सैनिकांना निरोप द्यायला घरचं कोणीच नसतं, हे हवाईदलप्रमुख होइट व्हँडनबर्ग आणि त्यांची पत्नी ग्लॅडिस यांच्या लक्षात आलं. ग्लॅडिसबाईंनी १९४८मध्ये अधिकाऱ्यांच्या बायकांना जमवलं, आणि 'आर्लिंग्टन लेडीज' तेव्हापासून पाळीपाळीने जातात. नौदल, भूदल, तटरक्षक दलाच्या त्यांच्या शाखा नंतर निघाल्या. मरीन दलाची पद्धत वेगळी आहे.

मोटरसायकलवाले 'पॅट्रियट गार्ड रायडर्स' तुम्ही कदाचित व्हिडिओत पाहिले असतील. ते २००५ साली कॅन्ससमध्ये उभे राहिले, त्याला कारण तिथल्याच टोपेका गावातलं वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च. इराकमध्ये मेलेल्या पोरांच्या दफनाबाहेर उभं राहून, समलिंगी लोकांना सहन करणाऱ्या देशाला देवाने दिलेली ही शिक्षा आहे, असे फलक हे लोक नाचवत. सुप्रीम कोर्टाने २०११मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी त्यांचा बोलण्याचा हक्क मान्य केला. रायडर्स तेव्हाही आणि आजही वाद घालत नाहीत. कुटुंबाने बोलावलं तर येतात आणि झेंडे घेऊन रांगेने असे उभे राहतात की घरच्यांना पलीकडचं काही दिसत नाही. घोषणा फारच वाढल्या तर इंजिनं चालू करतात.

मला सर्वांत चटका लावून गेली ती 'मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट'ची गोष्ट. इथे दहन केल्यावर रक्षा डब्यात भरून मिळते. न्यायला कोणी आलंच नाही तर तो डबा अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपनीच्या फळीवर पडून राहतो, वर्षानुवर्षं, कधी पिढ्यान्‌पिढ्या. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा झाल्या नाहीत तर घरातल्यांना घास उतरत नाही, आणि इथे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे डबे सापडलेत! २००७पासून हे स्वयंसेवक अशा फळ्या धुंडाळतात, नावांची सरकारी नोंदींशी पडताळणी करतात, आणि सैनिक निघाला की सन्मानाने नेऊन ठेवतात. जवळचं म्हणून फक्त अनोळखी माणसं हजर असतात.

अशा बेवारस सैनिकासाठी कधीकधी नुसती हाक घातली तरी गर्दी होते. टेक्सासातल्या किलीन इथे जानेवारी २०१९मध्ये हवाईदलातल्या एका माजी सैनिकाचा विधी होता. नातेवाईक येण्याची शक्यता नाही, जमेल त्यांनी या, असं आवाहन झालं आणि हजारो लोक आले, रस्ता तुंबला. ही बातमी जगभर गेली. खरं सांगू? मला हजारोंपेक्षा मंगळवारवाल्यांचं जास्त अप्रूप आहे. एकदा उचंबळून येणं आपल्यालाही जमतं. चाळीसहून अधिक वर्षं, आठवड्याचा तोच वार, तेही मिनेसोटाच्या जानेवारीत, हे वारकऱ्याच्या नेमासारखं काहीतरी आहे.

आता आपल्याकडचं. नोकरीत असताना वीरमरण आलं की शासकीय इतमाम, फैरी, पालकमंत्री सगळं होतं. पण घरी म्हातारपणाने गेलेल्या पेन्शनरचं काय, हे मी फक्त आमच्या घरापुरतं सांगू शकते. माझे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, ज्या गावातून पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जण कामी आले त्या अपशिंगे मिलिटरीपासून फार लांब नाही. काका गेले तेव्हा सरकारी गाडी आली नाही, ब्यूगल वाजला नाही. पंचक्रोशीतले आठ-दहा पेन्शनर मात्र निरोप न धाडता आले, कोटावर पदकं लावून, एक जण एसटीने. तिरंगा घालावा असं कोणीतरी म्हणालं, पण खासगी अंत्ययात्रेत तो पांघरता येत नाही, कायदा तसा आहे. मग काकूंनी ट्रंकेतून त्यांची पलटणीची टोपी काढून छातीवर ठेवली. स्मशानात एका म्हाताऱ्या सुभेदारांनी खणखणीत "सावधान!" म्हटलं. मी तेव्हा कॉलेजात होते, तरी माझेही पाय जुळले. मग "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..." आणि सगळ्या गावाने "जय!" म्हटलं. त्या दहांपैकी प्रत्येक जण काकांना ओळखत होता, आमच्या ओसरीवर चहा प्यायला होता. शहरात फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या नाईक-हवालदारासाठी कोण येत असेल, हा विचार मला पहिल्यांदा आला तो फोर्ट स्नेलिंगच्या बर्फात.

तुमच्या मुलाला खुशाल जाऊ दे. दफनभूमी सगळ्यांना खुली असते, शहरातून ब्लू लाइनची ट्रेन त्या बाजूला जाते, पुढे चालायची तयारी ठेवावी. कुटुंबाच्या घोळक्यात घुसू नये, दूर उभं राहावं, मोबाइल खिशात. पहिल्या फैरीला माणूस दचकतोच, त्यात लाज नाही. ब्यूगल वाजताना इथले नागरिक छातीवर हात ठेवतात. तो नागरिक नसल्यामुळे त्याने नुसतं ताठ उभं राहिलं की पुरे. टोपी मात्र काढायची. थंडीने कान अक्षरशः दुखायला लागतात, पण त्या रांगेतले म्हातारे समोर असताना कानटोपी चढवून उभं राहणं त्यालाच जमणार नाही.