आधी परवाना, मग ऑस्टिओपॅथी

प्रश्न : ताई, मी सांगलीत बीपीटीच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. ब्रॅम्प्टनचा मामेभाऊ म्हणतो, कॅनडात फिजिओची परीक्षा देत बसण्यापेक्षा ऑस्टिओपॅथीचा, म्हणजे हाताने स्नायू-सांध्यांवर उपचार करण्याचा, डिप्लोमा कर, बराचसा ऑनलाइन असतो, वर्षभरात ‘डॉक्टर’ होशील. हे खरं आहे का? शिवाय मी अंगाने अगदी बारीक, हातात जोर नाही. मला हे जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मामेभावाच्या मनात तुझं भलंच असेल, पण ‘डॉक्टर’ हे आधी डोक्यातून काढ. अमेरिकेतले डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) हे पूर्ण वैद्यकीय डॉक्टर असतात. चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी. औषधं लिहितात, ऑपरेशनं करतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात मी करते ते काम वेगळं. इथे ‘ऑस्टिओपॅथ’ ही उपाधी १९९१च्या मेडिसिन ॲक्टने डॉक्टरांसाठीच राखून ठेवली आहे. म्हणून माझ्या पाटीवर ‘ऑस्टिओपॅथिक मॅन्युअल प्रॅक्टिशनर’ असं लांबलचक लिहावं लागलं, आणि पाटीवाल्याने पैसे अक्षरागणिक लावले!

या व्यवसायाची इथे सरकारी नोंदणीच नाही. त्यामुळे चार-पाच वर्षं घासून घेऊन शेवटी प्रबंध लिहायला लावणारी कॉलेजं आहेत, तशी व्हिडिओ दाखवून प्रमाणपत्र हातात ठेवणारीही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली एक मोजपट्टी घालून दिली : नवख्या विद्यार्थ्याला ४२०० तास, त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर. तुझ्यासारख्या आधीच आरोग्यक्षेत्रातलं शिकलेल्यांना साधारण १००० तासांत भागतं, पण शेवटी हात तेवढाच तयार असला पाहिजे. मामेभावाच्या त्या कॉलेजला एवढंच विचार : रुग्ण किती तास, आणि शेजारी उभं कोण राहणार? उत्तराऐवजी फीची सवलत सांगू लागले तर समज.

देखरेखीवर मी एवढी का अडून बसते, ते सांगते. पहिल्या वर्षी आम्हाला डोक्याचा एक केस टेलिफोन डिरेक्टरीच्या पानाखाली ठेवून डोळे मिटून शोधायला लावत. सापडला की वर आणखी एक पान, मग आणखी एक. जोरात दाबलं की काहीच कळत नाही, बोट हलकं ठेवलं की केस लागतो. मग खरं माणूस टेबलावर. दोघींनी एकाच मुलीची त्रिकास्थी (मणक्याच्या तळाचं त्रिकोणी हाड) तपासायची, न बोलता कागदावर लिहायचं. मी लिहिलं डावी बाजू अडकलीय, जोडीदारणीने उजवी. बाई दोन्ही कागद बघून हसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा. दोन तपासणाऱ्यांचं बोट एकमेकांशी फारसं जुळत नाही, हे संशोधनातही वारंवार दिसलेलं आहे. चुकलेल्या बोटाला तिथल्या तिथे धरून सरकवणारं कुणीतरी लागतं. ऑनलाइन कोण सरकवणार?

आता परवान्याचं. झटका देऊन मणक्याचा ‘कट्ट’ काढणं हे ओंटारिओच्या कायद्याने नियंत्रित काम आहे. निदान सांगणंही तसंच. नुसत्या मॅन्युअल प्रॅक्टिशनरला दोन्ही करता येत नाही. फिजिओ म्हणून नोंदणी असेल तर निदान सांगता येतं, आणि जादा प्रशिक्षण घेऊन तशी नोंद केली की तो झटकाही देता येतो. म्हणजे ज्या परीक्षेला मामेभाऊ वळसा घालायला सांगतोय, तिच्यामुळेच तुझे हात मोकळे होणार आहेत. आधी बीपीटी आणि इंटर्नशिप पूर्ण कर, कॅनेडियन अलायन्स या फिजिओथेरपी नियामकांच्या संस्थेकडून पदवी तपासून घे, परीक्षा दे. वेळ आणि पैसा दोन्ही जातात, नाही असं नाही. पण नंतर नोकरी करत करत शनिवार-रविवारचे वर्ग धरून ऑस्टिओपॅथी शिकता येते. आम्ही बहुतेक जणी तशाच शिकलो. शिवाय खासगी करिअर कॉलेजात शिकल्यावर शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळत नाही. एजंट हे फी भरून झाल्यावर सांगतात.

ऑस्टिओपॅथच व्हायचं असेल तर ब्रिटनचा विचार कर. तिथे १९९३च्या कायद्याने ही उपाधी राखीव आहे, जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंदणी लागते. पदवीला साधारण चार वर्षं पूर्णवेळ. खर्च मात्र घरी मोकळेपणाने बोलून घे.

आणखी एक, जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. कंबरदुखीला हाताच्या उपचाराने थोडाफार आराम पडतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. कवटीची हाडं हलक्या हाताने ‘हलवून’ अर्धशिशी, तान्ह्या बाळाचं रडणं वगैरे बरं करतो म्हणतात, त्याला भक्कम पुरावा नाही. अभ्यासक्रमात ते शिकवतात. मी शिकले, परीक्षेपुरतं. रुग्णांवर वापरत नाही, आणि त्यावरून आमच्यात वाद होतात ते होतातच.

राहिला जोर. तुझ्या बारीक अंगाची काळजी सोड. आमच्या वर्गात अंगठे पहिल्यांदा गेले ते जिमला जाणाऱ्या मुलांचे, कारण ते मनगटाने रेटायचे. टेबल खाली कर. उभं राहून हात सैल सोडलास की बोटांची पेरं गादीला टेकतील इतकं खाली. पाय पुढे-मागे ठेव, कोपर सरळ, आणि कमरेतून पुढे झुक. भार आपोआप जातो. तुमच्या फिजिओच्या लॅबमधलं टेबल वर-खाली होत नसेल तर पायाखाली लाकडी पाट घे आणि आजपासून मैत्रिणीच्या पाठीवर सराव कर, तिला विचारून.