वाचक विचारतात : आजीची पुतळी आणि बायझंटाइन मोहोर

प्रश्न : आजीच्या पुतळ्यांच्या माळेत एक जुने नाणे आहे. एका बाजूला प्रभावळीचा उभा पुरुष, भोवती तारे. दुसऱ्या बाजूला कुणीतरी गुडघे टेकून झेंडा धरला आहे. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, नाण्यांचे फोटो पाहिले, ते असेच वाटले. नाणे दीड हजार वर्षांचे असेल का? (वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : नाही. वर्णनावरून हा व्हेनिसचा डुकाट आहे, किंवा त्याची आपल्याकडे पाडलेली नक्कल. व्हेनिसने तो 1284 पासून पाडला आणि 1797 मध्ये तिथले प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्यावरची चित्रे जवळपास तीच ठेवली. उभा पुरुष येशू, झेंडा देणारा संत मार्क, गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोज. सारखेपणा तुम्हाला उगाच दिसला नाही. समोर पाहणारी, ताठ, प्रभावळीची आकृती व्हेनिसने बायझंटाइन कलेकडूनच उचलली.

खरी बायझंटाइन मोहोर, म्हणजे सॉलिडस, साधारण साडेचार ग्रॅमची. डुकाट साडेतीन ग्रॅमचा. आकार जवळपास सारखाच, म्हणून डुकाट हाताला पातळ लागतो. 6व्या शतकातल्या सॉलिडसवर पुढे शिरस्त्राण घातलेला सम्राट असतो, मागे लांब क्रूस धरलेला पंखवाला देवदूत आणि अगदी तळाशी ‘कॉनोब’ ही रोमन अक्षरे. येशूचा चेहरा नाण्यावर आला तो 7व्या शतकाच्या अखेरीस, सम्राट दुसऱ्या जस्टिनियनच्या काळात. भारतात सापडलेले सॉलिडस बहुतेक त्याआधीचे आणि बहुतेक दक्षिणेतले. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आलूरला असा साठा मिळाला. अशा कित्येक मोहरांना सम्राटाच्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन भोके आहेत. परदेशी राजाचे नाणेही आपल्या लोकांनी गळ्यातच घातले!

अस्सल की नक्कल, हे आधी अक्षरांवरून पाहा. भिंगाखाली अक्षरे सुटी, वाचता येण्याजोगी असावीत. नुसत्या उभ्या रेघा नि टिंबे दिसली तर नक्कल. मग सोने. सोनाराच्या 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक धाग्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. शुद्ध सोन्याचा साडेतीन ग्रॅमचा डुकाट 0.18च्या आसपास दाखवेल. तेवढ्याच वजनाची मुलामा दिलेली चांदी 0.33. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो. कडीचा डाक किंवा आत लाख असेल तर हिशेब चुकतोच, कडी मात्र काढू नका. कसोटीवर घासणे, चिंच, पितांबरी, तेजाब हे सगळे टाळा. अक्षरांचे काठ एकदा झिजले की नाणे कोणत्या डोजचे हे पुन्हा सांगता येत नाही.

नाणे घरातले आहे म्हणून एवढेच. शेतात नांगरताना असे काही निघाले आणि किंमत 10 रुपयांवर असेल, तर 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.

प्रश्न : संग्रहालयाच्या एका फोटोत साखळ्यांना टांगलेली, भोकाभोकांची पितळी चकती दिसली. ती कशासाठी? शाळेत करून दाखवता येईल का? (शिक्षक, ता. पांढरकवडा, जि. यवतमाळ)

उत्तर : ते चर्चमधले झुंबर, पॉलिकँडेलॉन. धातू बहुधा कांसे. भोके रिकामी दिसतात कारण त्यांत बसणारे काचेचे निमुळते दिवे फुटून गेले. दिवा भोकातून खाली उतरायचा आणि रुंद काठावर अडकायचा. तळाशी पाणी, वर तेल. काच पारदर्शक, त्यामुळे उजेड थेट खाली पडे. समईचा उजेड स्वतःच्याच बुडाने अडतो, तसे इथे होत नाही.

शाळेसाठी जाड काचेचा पेला घ्या. दोन तृतीयांश पाणी, वर बोटभर तिळाचे तेल. जवसाचे नको, ते चिकट होऊन वात कोंडते. पातळ पत्र्याच्या पट्टीला भोक पाडून कापसाची वात ओवा आणि पट्टीची टोके काठावर वाकवून अडकवा. वात पट्टीच्या वर 3-4 मिलिमीटरच ठेवा. जास्त ठेवली तर काजळी धरते. खालचे टोक तेलातच राहू द्या. ते पाण्यात गेले की वात पाणी ओढते, तडतडते आणि विझते. ज्योत काठाच्या अगदी जवळ आली तर काच तडकते, म्हणून वात बरोबर मध्यावर हवी. आणि मुले भोवती असताना दिवा टांगू नका, टेबलावरच पेटवा.