आधी रेंज बघा, रायफलचं नंतर

ऐरोलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर आणि स्वप्नील कुसाळे यांची पदकं बघितल्यापासून तिने नेमबाजीचा ध्यास घेतलाय. ताई लिहितात: “घरापासून पंधरा मिनिटांवर एका कमर्शियल इमारतीत रेंज सुरू झाली आहे. मिस्टर म्हणतात, एअर गनच तर आहे, जत्रेत फुगे फोडतो तसली, त्यात घाबरायचं काय? सासूबाई म्हणतात, पोरीच्या हातात बंदूक नको. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. रेंजवाले पहिल्याच महिन्यात स्वतःची रायफल घ्या म्हणून मागे लागलेत. यात करिअर आहे का? आणि खरं सांगायचं तर, हे सुरक्षित आहे का?”

पत्राच्या तळाशी पेन्सिलीने एक ओळ आहे, अक्षर वेगळं: “मी रायफल घेऊ की पिस्तूल?”

ताई, सुरक्षिततेचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण मी तिथूनच सुरुवात करते.

आधी मिस्टरांबद्दल. दहा मीटरच्या स्पर्धेतली एअर रायफल ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा मारते. त्याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण वेग सेकंदाला साधारण १७० मीटर, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या वर. जत्रेतल्या बंदुकीशी तिची तुलनाच नको. हा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. २० ज्यूलच्या आतल्या आणि ४.५ मिलिमीटरच्या एअर गनला परवाना लागत नाही, त्यामुळे लोकांना ती खेळणं वाटते. हा गैरसमज घरातल्या प्रत्येकाच्या मनातून काढा, धाकटं भावंड असेल तर त्याच्याही.

आता सासूबाई. त्यांची भीती खोटी नाही, पण तिचा रोख चुकतोय. नीट चाललेल्या रेंजवर हा खेळ मुलांसाठी सुरक्षित असतो. मात्र तो सुरक्षित ठेवणारा माणूस तिथे हजर असायला हवा आणि त्याचं लक्ष मुलांवर हवं.

हे मी अनुभवातून सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला घेऊन ठाण्यातल्या एका रेंजवर गेले होते. चकचकीत हॉल, एसी, भिंतीवर ऑलिंपिकची पोस्टरं. पाच लेन, पाच मुलं. कागदी टार्गेट दोरीवरून मागे-पुढे सरकवायची सोय होती. दुसऱ्या लेनमधल्या मुलाचं टार्गेट मध्येच अडकलं. दहा-अकरा वर्षांचा असेल. त्याने रायफल टेबलावर टाकली आणि टार्गेट सोडवायला सरळ लेनमधून चालत निघाला. चौथ्या लेनमधल्या मुलीची रायफल भरलेली, गाल कुंद्याला टेकलेला, ब्लाइंडरमुळे, म्हणजे डोळ्याशेजारी लावलेल्या आडोशामुळे, बाजूचं काही दिसत नव्हतं. सर दाराबाहेर फोनवर बोलत होते. पाचव्या लेनमधल्या एका मोठ्या मुलीने ओरडून “थांबा!” म्हटलं म्हणून सगळे थांबले. सर आत आले, हसले, म्हणाले, “काही नाही, चालू द्या.” मी भाच्याचा हात धरला आणि बाहेर पडले. त्या “काही नाही”चा राग आजही जात नाही.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ त्या रेंजवर जा आणि तासभर मागच्या खुर्चीत बसा. मुलगी कशी नेम धरते ते नका बघू, मुलांकडे कोण बघतंय ते बघा. चांगल्या रेंजवर “स्टॉप” ऐकू आल्यावर काय होतं, ते सांगते. सगळे नेम सोडतात. बोट ट्रिगरवरून निघतं. रायफल उघडून रिकामी केली जाते आणि नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घालतात, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. छर्रा आत नाही, हे त्या दोरीमुळे लांबूनही दिसतं. मग मुलं टेबलापासून एक पाऊल मागे येतात. रेंज ऑफिसर प्रत्येक लेन डोळ्यांनी तपासतो आणि त्यानंतरच कोणी रेषेच्या पुढे जातं. हे रोज, दर वेळी, राष्ट्रीय खेळाडू असला तरी. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. एखादं पोर मित्राशी बोलायला रायफलसकट वळलं, तर त्याला त्या दिवसापुरतं तरी घरी पाठवणारे सर मला आवडतात. तिथे फी जास्त असली तरी द्या.

दोन गोष्टी पालकांच्या सहसा लक्षात येत नाहीत. पहिली, शिसं. रेंजवर हाताला शिसं लागतं आणि त्याच हाताने मुलं वडापाव खातात. शिसं वाढत्या वयात मेंदूला घातक असतं. म्हणून रेंजच्या आत खाणंपिणं बंद हवं, सराव संपल्यावर साबणाने हात धुवायला बेसिन हवं, आणि टार्गेटमागची धूळ कोरड्या झाडूने उडवत बसायची नाही.

दुसरी, हवेचा सिलिंडर. आजच्या रायफल-पिस्तुलांत २०० बारच्या आसपास दाबाने हवा भरलेली असते. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज घ्या. या सिलिंडरला मुदत असते, बहुतेक उत्पादक १० वर्षांची देतात, आणि तारीख त्यावरच कोरलेली असते. २०२५ मध्ये दिल्लीत सराव करणाऱ्या एका राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजाचा सिलिंडर भरताना फुटला आणि त्याचा अंगठा गेला. तो अनुभवी खेळाडू होता. तुमच्या मुलीने सिलिंडर स्वतः भरायचा नाही. रेंजवरच्या प्रत्येक सिलिंडरची तारीख तुम्ही स्वतः वाचा, संकोच करू नका. विचारल्यावर कोणी वैतागलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणखी एक, हे मी आईला आई म्हणूनच लिहिते. नेमबाजी शिकवताना कोच खांदा, कोपर, कंबर हाताने सरळ करतात, ते खेळाचाच भाग आहे. पण हात लावण्याआधी “लावू का?” विचारणारा कोच हवा आणि सराव इतरांच्या समोर व्हायला हवा. बंद दाराआड एकटीचं कोचिंग नको. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर बाई व्यवस्थापक आहेत का, खोल्या कोणाबरोबर, हे आधी लेखी घ्या. सरांचे रात्रीचे मेसेज मुलीच्या फोनवर नकोत, पालकांच्या ग्रुपवर यावेत. मुलीला सांगून ठेवा: काही खटकलं तर स्पर्धा, निवड, फी यातलं काहीही मध्ये न आणता आधी मला सांग. तसं काही घडलंच, तर पोक्सो कायदा आणि १०९८ ही हेल्पलाइन आहे. क्लबची बदनामी होईल म्हणून गप्प बसायचं नाही.

रायफल लगेच घ्यायची का? नाही. पहिलं वर्ष क्लबच्या रायफलीवर काढा. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते, जॅकेट-पँटचा खर्च वेगळा, आणि या वयात जॅकेट दोन वर्षांत आखूड होतं. पाठीचाही विचार करा. चार-पाच किलोची रायफल घेऊन एका बाजूला वाकून तासन्‌तास उभं राहायचं असतं, तेव्हा आधी पोट-पाठीचे व्यायाम. पुढे रायफल घेतलीच, तर घरी कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात, आणि किल्ली तुमच्याकडे. नेताना कडक पेटीत, बिल आणि क्लबचं कार्ड सोबत. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत मैत्रिणींना दाखवायला पेटी उघडायची नाही, सोसायटीच्या गच्चीवर तर मुळीच नाही. पॉइंट टू टूची, म्हणजे काडतूस लागणाऱ्या ०.२२ बोअरच्या बंदुकीची, गोष्ट निराळी, ते अग्निशस्त्र आहे. एरवी ते बाळगायला २१ वर्षं पूर्ण लागतात, सरावासाठी नियमांत वेगळी तरतूद आहे. त्याचा विचार आज नको.

करिअरचं थोडक्यात सांगते. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. २०२४ मध्ये पदक मिळालं तेव्हा वय २८ आणि ते त्यांचं पहिलंच ऑलिंपिक. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं. म्हणजे वाट आहे, पण लांबची. जिल्हा, राज्य, मग मावळंकर ही पात्रता स्पर्धा, मग राष्ट्रीय, अशी पायरी चढायची. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण, रेल्वे, पोलीस, सैन्यदल या वाटा आहेत. कोच, पंच आणि रेंज ऑफिसर यांची कामंही आहेत. पनवेलला अकादमी चालवणाऱ्या सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सच्या अंतिम फेरीत खेळल्या आणि आज शिकवतात, हे तुमच्या जवळचंच उदाहरण. पण आठवीच्या मुलीचा अभ्यास या भरवशावर सोडू नका. आठवड्याला तीन सराव पुरेत, गणित-विज्ञान चालू राहू दे.

आता पेन्सिलवाल्या मुलीसाठी. बाळा, दोन्ही हातात घेऊन बघ, क्लबचीच, दोन-दोन महिने. रायफल अंगाला टेकते आणि दोन्ही हातांनी धरतात, पिस्तूल एकाच हाताने. कोणतं जमतंय ते तुझा हात सांगेल. त्याआधी घरी एक गोष्ट करून बघ. दोन्ही हात समोर लांब कर, तळव्यांमध्ये छोटी खिडकी कर आणि त्यातून भिंतीवरच्या कॅलेंडरची आजची तारीख बघ. मग एकेक डोळा मिट. ज्या उघड्या डोळ्याला तारीख जागेवरच दिसते, तो तुझा नेमाचा डोळा. डावा आहे की उजवा, ते वहीत लिहून ठेव आणि पहिल्या दिवशी सरांना किंवा मॅडमना सांग.